तर, तरच आणि तरी: पुस्तकातून सांकेतिक तर्कशास्त्र शिकताना

सांकेतिक तर्कशास्त्र स्वतःच्या स्वतः शिकायला बसलेला माणूस बहुतेक वेळा सिद्धतांच्या प्रकरणाशी येऊन थांबतो, आणि आपलं गणित कच्चं आहे असं धरून पुस्तक मिटतो. गणिताचा इथे फारसा संबंध नसतो. बेरीज-वजाबाकीपलीकडचं काहीही या विषयाच्या सुरुवातीला लागत नाही. गडबड आधीच, म्हणजे बोलण्यातलं वाक्य चिन्हांत उतरवताना झालेली असते, आणि ती सिद्धतेत उघडी पडते. म्हणून हा लेख त्या टप्प्यावर जास्त रेंगाळेल.

पुस्तक कोणतं

आपल्याकडच्या तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या दिसणारं इंग्रजी पुस्तक म्हणजे आयर्विंग कोपी यांचं ‘सिम्बॉलिक लॉजिक’. पहिली आवृत्ती १९५४ची, पाचवी १९७९ची. शक्यतो पाचवीच घ्या. कोपींचंच ‘इंट्रोडक्शन टू लॉजिक’ नावाचं दुसरं, जाडजूड पुस्तक आहे. त्यात तर्कदोष, विगमन, पारंपरिक तर्कशास्त्र असं सगळंच आहे. दोन्ही पुस्तकांत सिद्धतेचे नियम बरेचसे सारखे असले तरी यादी तंतोतंत तीच नाही: एकात ‘डिस्ट्रक्टिव्ह डायलेमा’ आहे, दुसऱ्यात त्या जागी ‘अ‍ॅब्सॉर्प्शन’. एका पुस्तकातून नियम आणि दुसऱ्यातून उदाहरणं घेतलीत, तर उत्तरं जुळणार नाहीत आणि आपलं चुकलं कुठे हेही कळणार नाही. एकच पुस्तक धरा.

इंग्रजीची धास्ती वाटत असेल तर आधी ई-बालभारतीवरून अकरावीचं मराठी ‘तर्कशास्त्र’ उतरवून घ्या, ते मोफत मिळतं. विधान, सत्यता कोष्टक (विधान कधी सत्य, कधी असत्य ते दाखवणारा तक्ता) आणि निगामी सिद्धता (नियमांनी पायरीपायरीनं निष्कर्ष काढणं) यांची ओळख त्यात मराठीत होते, आणि मग कोपींची इंग्रजी वाक्यं अंगावर येत नाहीत. नाशिकमध्ये पुस्तक विकत घेण्याआधी टिळक पथावरच्या सार्वजनिक वाचनालयाच्या यादीत पाहावं (१८४०पासूनची संस्था आहे, जुनी इंग्रजी पुस्तकं शोधायला ती बरी जागा). एच.पी.टी. किंवा के.टी.एच.एम. महाविद्यालयाचे विद्यार्थी असाल तर आधी आपल्याच ग्रंथालयात विचारा. जुनी प्रत घेताना शेवटची पानं शाबूत आहेत ना, एवढं मात्र नक्की बघा. निवडक स्वाध्यायांची उत्तरं तिथे असतात, आणि एकट्यानं शिकणाऱ्याला त्यांच्याशिवाय चालत नाही.

सामान फार नाही. सत्यता कोष्टकांसाठी चौकटीची एक वही, सिद्धतांसाठी एकरेघी दोनशे पानी वही, पेन्सिल, खोडरबर, पट्टी. पेनानं सिद्धता लिहू नका, मधली ओळ बदलावी लागतेच. रोज पाऊण तास पुरतो. रविवारी चार तास बसून भरपाई करण्याचा प्रकार इथे चालत नाही, कारण नियम हाताला वळण लागल्यासारखे बसावे लागतात. पहिल्या दोन प्रकरणांना तीन आठवडे, तिसऱ्याला सहा, चौथ्याला सहा असा हिशेब धरा. तिसरं लवकर उरकलं असं वाटलं तर ते बहुधा उरकलेलं नसतं.

चिन्हं

कोपींची पाच चिन्हं अशी:

~ निषेध: ‘असं नाही’
· संधी: ‘आणि’
∨ विकल्प: ‘किंवा’
⊃ जर–तर (दिसायला घोड्याची नाल)
≡ सममूल्य: ‘तर आणि तरच’

बारावीच्या गणितात ‘आणि’साठी ∧, जर–तरसाठी →, आणि सममूल्यासाठी ↔ येतं. संगणकशास्त्राच्या पुस्तकांत निषेधाला ¬ असतं. अर्थ तेच, वेष वेगळा. वहीच्या पहिल्या पानावर दोन्ही पद्धती समोरासमोर लिहून ठेवा आणि स्वाध्याय सोडवताना एकच वापरा. पुस्तकात विधानांना रोमन अक्षरं असतात. या लेखात आपण देवनागरी अक्षरं घेऊ आणि सत्य-असत्याला ‘स’ व ‘अ’ म्हणू.

अक्षर नेहमी पूर्ण विधानाला द्यायचं. ‘विसर्ग’ला व हे अक्षर देता येत नाही, ‘गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला’ या विधानाला देता येतं. सुरुवातीला प्रत्येक उदाहरणाच्या वर अक्षरांची किल्ली लिहा आणि विधान होकारार्थी ठेवा. ‘पूल बंद नाही’ला एक अक्षर आणि ‘पूल बंद आहे’ला दुसरं दिलंत, तर त्या दोघांतला विरोध चिन्हांतून गायब होतो आणि पुढची सिद्धता अशक्य होऊन बसते.

तर, तरच, तरी

किल्ली: व = गंगापूर धरणाचा विसर्ग वाढतो, च = रामकुंडाजवळ पाणी चढतं.

‘विसर्ग वाढला तर पाणी चढतं’ हे व ⊃ च.
‘विसर्ग वाढला तरच पाणी चढतं’ हे च ⊃ व.

एका ‘च’नं नालेची दिशा उलटली. कारण साधं आहे. दुसरं वाक्य सांगतं की विसर्ग वाढल्यावाचून पाणी चढणार नाही. म्हणून पाणी चढलेलं दिसलं तर विसर्ग वाढलेला असणारच. विसर्ग वाढल्यावर काय होईल याबद्दल ते काहीच बोलत नाही. नवखा माणूस वाक्यात जो भाग आधी येतो तो नालेच्या डावीकडे लिहून मोकळा होतो, आणि चूक होते ती इथे. वाक्यातला क्रम बघू नका. ‘कोणती गोष्ट खरी निघाली की दुसरीची खात्री मिळते?’ हा प्रश्न विचारा. खात्री देणारी डावीकडे, खात्री मिळणारी उजवीकडे.

‘तरी’ तर आणखी फसवं. ‘विसर्ग वाढला तरी आरती होईल’ हे व ⊃ आ नव्हे. बोलणारा विसर्गावर काहीच अवलंबून ठेवत नाही, तो सरळ सांगतोय की आरती होणार. हवं तर (व ⊃ आ) · (~व ⊃ आ) असं लिहा आणि चार ओळींचं कोष्टक मांडा. शेवटचा स्तंभ आ च्या स्तंभासारखाच येईल. पण काळ बदलला की मामला बदलतो. ‘विसर्ग वाढला तरी आरती झाली’ यात दोन्ही गोष्टी घडून गेल्या आहेत, म्हणून ते व · आ. चिन्हात आश्चर्याची छटा उरत नाही, ती सोडून द्यायची.

‘शिवाय’ पाणीपुरवठ्याच्या सूचनांत हमखास भेटतं. ‘दुरुस्ती पूर्ण झाल्याशिवाय पुरवठा सुरू होणार नाही’ हे ~द ⊃ ~प, किंवा त्याच अर्थाचं प ⊃ द. यातून ‘दुरुस्ती झाली की पाणी येईल’ निघत नाही. ते द ⊃ प झालं असतं, आणि तसं आश्वासन कुणी दिलेलं नाही. नळाशी हंडा घेऊन बसलेल्याला मात्र तेच ऐकू येतं. दुसरा ‘शिवाय’ ओळखायला सोपा: ‘चिवडा आणला, शिवाय द्राक्षं आणली’ ही निव्वळ संधी.

बाकीचे शब्द भराभर. ‘पण’, ‘मात्र’, ‘असूनही’ यांना · पुरतं. ‘ना बस आली ना रिक्षा मिळाली’ हे ~ब · ~र. ‘लवकर नीघ, नाहीतर बस चुकेल’ यातली आज्ञा बाजूला ठेवून आशय घेतला तर ~न ⊃ च, म्हणजेच न ∨ च. ‘किंवा’ या पुस्तकात नेहमी समावेशक असतो: दोन्ही खरे असले तरी विकल्प खराच. ‘दोन्हीपैकी एकच’ म्हणायचं असेल तर (प ∨ क) · ~(प · क) असं पूर्ण लिहावं लागतं.

कंसांकडे दुर्लक्ष करू नका. ‘पाऊस थांबला आणि विसर्ग कमी झाला तर पूल खुला होईल’ हे (प · क) ⊃ ख. आता ‘पाऊस थांबलाय, आणि विसर्ग कमी झाला तर पूल खुला होईल’ असं वाचा. हे प · (क ⊃ ख). पाऊस चालूच असेल तर पहिलं विधान सत्य ठरतं, दुसरं असत्य. मराठीत स्वल्पविराम आणि एक ‘य’ जे काम करतात ते इथे कंस करतो. निषेधाचंही तसंच: ~प ∨ क मध्ये ~ फक्त प ला चिकटतो, ~(प ∨ क) मध्ये पूर्ण विकल्पाला.

पुढच्या प्रकरणाला हात लावण्याआधी स्थानिक वर्तमानपत्रातून, सोसायटीच्या फलकावरून, बसथांब्यावरच्या सूचनांतून निदान चाळीस वाक्यं उचला आणि चिन्हांत उतरवा. शक्य असेल तर दोघा-तिघांनी तेच वाक्य वेगवेगळं सोडवून मग वह्या जुळवाव्यात. मतभेद होतो ती वाक्यं वेगळ्या पानावर जमवा, खरा अभ्यास त्या पानावर होतो.

सत्यता कोष्टक

ओळींची संख्या अक्षरांवर ठरते: दोनला ४, तीनला ८, चारला १६, पाचला ३२. ओळी मनानं भरल्या की एखादी हमखास गळते, म्हणून क्रम ठरलेला ठेवा. तीन अक्षरं असतील तर पहिल्या स्तंभात चार स, चार अ, दुसऱ्यात दोन-दोन, तिसऱ्यात एकाआड एक. मग आतल्या कंसापासून बाहेर या. ज्या चिन्हाचा स्तंभ सर्वांत शेवटी भरता ते मुख्य चिन्ह. त्या स्तंभाला पट्टीनं चौकट करा, नाहीतर निर्णय भलत्याच स्तंभावरून दिला जातो.

जर–तर विधान एकाच ओळीत असत्य होतं: पूर्वांग (नालेच्या डावीकडचं) सत्य आणि उत्तरांग (उजवीकडचं) असत्य. इथे नवख्यांची कुरकुर असते की विसर्ग वाढलाच नाही तर ‘विसर्ग वाढला तर पाणी चढतं’ हे विधान सत्य कसं? असं बघा: हे विधान खोटं पाडायला काय दाखवावं लागेल? विसर्ग वाढला आणि पाणी चढलं नाही, एवढंच. बाकी तिन्ही परिस्थितींत ते खोटं पडलेलं नाही, आणि या पद्धतीत विधानाला स किंवा अ यांपैकी एक किंमत द्यावीच लागते. नालेत कार्यकारणभाव नाही, तो शोधू नका. ‘दोन अधिक दोन पाच असतील तर गोदावरी पश्चिमेला वाहते’ हेही इथे सत्य आहे. विचित्र वाटतं, पण त्यामुळे कुठलाही अवैध युक्तिवाद वैध ठरत नाही.

युक्तिवाद तपासायचा म्हणजे एकच ओळ शोधायची: सगळी आधारविधानं (निष्कर्षाला आधार म्हणून दिलेली विधानं) स आणि निष्कर्ष अ. सापडली तर अवैध, नाही सापडली तर वैध. उदाहरणार्थ व ⊃ च, च, म्हणून व. नाशिककर पुराची उंची गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात. मारुतीच्या कमरेला पाणी लागलं म्हणजे धरणातून पाणी सोडलं असणार, असं काठावर उभा राहिलेला कुणीही म्हणेल, आणि बऱ्याचदा ते खरंही निघेल. पण कोष्टकात व ला अ आणि च ला स ठेवा. पहिलं आधारविधान स, दुसरं स, निष्कर्ष अ. शहरातच धो-धो पाऊस झाला असेल. निष्कर्ष योगायोगानं खरा असणं आणि युक्तिवाद वैध असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तर्कशास्त्र फक्त दुसरीची हमी देतं.

चार-पाच अक्षरांना पूर्ण कोष्टक मांडणं म्हणजे कागद वाया. त्यासाठी आखूड रीत आहे. निष्कर्ष असत्य धरा, सगळी आधारविधानं सत्य धरा आणि किमती बसवत जा. व ⊃ च, च ⊃ ह, ~ह, म्हणून ~व हा युक्तिवाद घ्या (ह = घाटावरचे विक्रेते हलतात). ~व असत्य, म्हणून व सत्य. ~ह सत्य, म्हणून ह असत्य. पहिलं विधान सत्य ठेवायचं तर च सत्य हवा. मग च ⊃ ह मध्ये डावं सत्य, उजवं असत्य, म्हणजे विधान असत्य, आणि आपण तर ते सत्य धरलं होतं. विसंगती आली, युक्तिवाद वैध. विसंगती न येता सगळ्या किमती बसल्या तर तो अवैध, आणि बसलेल्या किमती हाच पुरावा. एक धोका: कधीकधी किंमत दोन तऱ्हांनी बसू शकते. एका वाटेनं विसंगती आली म्हणून थांबू नका. सगळ्या वाटा बंद झाल्या तरच वैध म्हणायचं.

सिद्धता

तिसऱ्या प्रकरणात नऊ अनुमान-नियम आणि दहा प्रतिस्थापनाचे (एका विधानाच्या जागी त्याचं सममूल्य रूप ठेवण्याचे) नियम येतात. एकोणीसच्या एकोणीस एका रात्रीत पाठ करू नका. आधी एम.पी. (प ⊃ क आणि प, म्हणून क), एम.टी. (प ⊃ क आणि ~क, म्हणून ~प), एच.एस. (प ⊃ क आणि क ⊃ र, म्हणून प ⊃ र), डी.एस. (प ∨ क आणि ~प, म्हणून क) हे चार घ्या आणि दोन दिवस फक्त यांच्याच सिद्धता करा. मग सिंप्लिफिकेशन (प · क वरून प), कंजंक्शन (प आणि क वरून प · क), अ‍ॅडिशन (प वरून प ∨ क). दोन्ही डायलेमा शेवटी. प्रतिस्थापनाचे नियम रोज दोन. प्रत्येक नियम कार्डावर लिहून खिशात ठेवलं तर सिटीलिंकच्या बसमध्येही उजळणी होते.

मांडणी अशी असते (/∴ नंतर सिद्ध करायचा निष्कर्ष):

१. (प ∨ र) ⊃ (क · ख)
२. प /∴ क
३. प ∨ र (२, अ‍ॅडिशन)
४. क · ख (१, ३, एम.पी.)
५. क (४, सिंप्लिफिकेशन)

उजवीकडचं समर्थन ओळ लिहिताना त्याच वेळी लिहा. ‘नंतर भरू’ म्हटलेल्या ओळीचं समर्थन पुष्कळदा सापडतच नाही, कारण ती ओळ मुळात निघत नसते. तिसऱ्या ओळीतला र कुठून आला असा प्रश्न पडतोच. प सत्य असेल तर ‘प किंवा काहीही’ सत्यच राहतं, म्हणून अ‍ॅडिशननं हवं ते अक्षर जोडता येतं. निष्कर्षात असं अक्षर दिसलं जे आधारविधानांत कुठेच नाही, तर अ‍ॅडिशनचा विचार आधी करा.

आता चुका. सगळ्यांत महाग पडणारी पहिली. नऊ अनुमान-नियम पूर्ण ओळीलाच लागतात, ओळीच्या तुकड्याला नाही. (प · क) ⊃ र वरून सिंप्लिफिकेशननं प ⊃ र काढता येत नाही. पडताळा: प स, क अ, र अ. पहिलं विधान सत्य, दुसरं असत्य. उलट प्रतिस्थापनाचे दहा नियम तुकड्यालाही लागतात, कारण तिथे दोन्ही बाजू सममूल्य असतात, एकाच्या जागी दुसरं ठेवलं तरी किंमत हलत नाही. कार्डांना दोन रंग द्या: अनुमान-नियमांना एक, प्रतिस्थापनाला दुसरा.

दुसरी चूक डी मॉर्गनची. ~(प · क) म्हणजे ~प ∨ ~क. आत · असेल तर बाहेर ∨ येतो, आणि उलट. ‘मिसळ आणि जिलबी दोन्ही मिळालं नाही’ म्हणणाऱ्याला एक तरी मिळालं असेल की नाही, हे बोलण्यात संदिग्ध असतं. ~(म · ज) चा अर्थ मात्र एकच: निदान एक तरी मिळालेलं नाही.

तिसरी: प ∨ क आणि प यांवरून ~क काढणं. विकल्प समावेशक असल्यानं हे चालत नाही. डी.एस.ला एका घटकाचा निषेध लागतो.

काही बाबी पुस्तकाच्या काटेकोरपणाच्या आहेत. सिंप्लिफिकेशननं डावा घटकच मिळतो, उजवा हवा तर आधी कम्यूटेशननं बाजू बदला. डी.एस.मध्येही डाव्या घटकाचाच निषेध हवा. ~प ∨ क आणि प यांवरून थेट क लिहू नका. आधी दुहेरी निषेधानं ~~प करा, मग डी.एस. लावा. किरकिर वाटेल, पण एका वेळी एक नियम ही शिस्त सुटली की चूक कुठे झाली ते शोधता येत नाही. आणि कम्यूटेशन फक्त · आणि ∨ ला. नालेच्या बाजू बदलायच्या असतील तर ट्रान्सपोझिशन: प ⊃ क चं ~क ⊃ ~प.

अडलात की वरून खाली न येता खालून वर जा. निष्कर्ष आधारविधानांत कुठे दडलाय? नालेच्या उजवीकडे असेल तर डावीकडचं मिळवायचं. विकल्पात असेल तर दुसऱ्या घटकाचा निषेध शोधायचा. वीस मिनिटांत काहीच हाती लागलं नाही तर थांबून आखूड कोष्टकानं युक्तिवाद वैध आहे ना ते तपासा. उदाहरण उतरवताना एखादा ~ सुटलेला असतो आणि माणूस तासभर अशक्य गोष्ट सिद्ध करत बसतो. मोबाइलवर सिद्धता तपासणारी साधनं मिळतात, पण त्यांचे नियम या पुस्तकाच्या नियमांशी जुळतीलच असं नाही. त्यांनी चूक दाखवली तर आधी नियम जुळतात का ते बघा.

पुस्तकात एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली आहे की हे एकोणीस नियम अपुरे आहेत. प ⊃ क वरून प ⊃ (प · क) हा युक्तिवाद वैध असूनही एवढ्या नियमांनी सिद्ध होत नाही. सोपाधिक सिद्धतेचा (जर–तरचा डावा भाग गृहीत धरून उजवा काढण्याचा) नियम आला की तो चुटकीसरशी होतो:

१. प ⊃ क /∴ प ⊃ (प · क)
२. प (गृहीत)
३. क (१, २, एम.पी.)
४. प · क (२, ३, कंजंक्शन)
५. प ⊃ (प · क) (२–४, सोपाधिक सिद्धता)

गृहीताच्या ओळीपासून ते ज्या ओळीवर संपतं तिथपर्यंत डावीकडे कंसासारखी रेघ ओढा. रेघ बंद झाली की आतली कुठलीही ओळ बाहेर वापरायची नाही. पाचव्या ओळीनंतर ‘क आहेच की, तिसरी ओळ’ असं म्हणणं म्हणजे गृहीतालाच सत्य मानणं. निष्कर्ष जर–तर स्वरूपाचा असेल तर सोपाधिक सिद्धता आधी आजमावा. काहीच सुचत नसेल तर अप्रत्यक्ष सिद्धता: निष्कर्षाचा निषेध गृहीत धरून व्याघात (प · ~प सारखं विधान) काढा. ही हत्यारं लवकर वापरायचा मोह होतो. आधी त्यांच्यावाचून पन्नासेक सिद्धता झालेल्या बऱ्या.

संख्यापक

चौथ्या प्रकरणात विधानाच्या आत शिरायचं असतं. ‘प्रत्येक’, ‘काही’ यांसाठीची चिन्हं म्हणजे संख्यापक. ‘प्रत्येक क्ष’साठी कोपी नुसतं (क्ष) असं कंसात लिहितात, नव्या पुस्तकांत ∀ दिसतं. ‘निदान एक क्ष’साठी (∃क्ष). द(क्ष) म्हणजे ‘क्ष द्राक्ष आहे’, न(क्ष) म्हणजे ‘क्ष निर्यात होतो’.

‘सगळी द्राक्षं निर्यात होतात’: (क्ष)[द(क्ष) ⊃ न(क्ष)]
‘काही द्राक्षं निर्यात होतात’: (∃क्ष)[द(क्ष) · न(क्ष)]

सार्विकाबरोबर (‘प्रत्येक’) नाल, अस्तित्ववाचीबरोबर (‘निदान एक’) संधी, ही जोडी घट्ट धरा. उलटापालट केली तर काय होतं? सार्विकात · घातलात तर जगातली प्रत्येक वस्तू द्राक्ष आहे असं विधान झालं, गोदावरीवरच्या रामसेतू पुलासकट. अस्तित्ववाचीत ⊃ घातलीत तर द्राक्ष नसलेली एक वस्तू सापडली तरी विधान सत्य ठरतं, म्हणजे ते काहीच सांगत नाही.

‘द्राक्षं आणि कांदे निर्यात होतात’ हा खास नाशिकचा सापळा समजा. ‘आणि’ दिसला म्हणून (क्ष)[(द(क्ष) · क(क्ष)) ⊃ न(क्ष)] लिहिलंत तर जी वस्तू एकाच वेळी द्राक्षही आहे आणि कांदाही, तिच्याबद्दल बोललात. तसा माल ना पिंपळगावात मिळतो ना लासलगावात. इथे ∨ हवा: (क्ष)[(द(क्ष) ∨ क(क्ष)) ⊃ न(क्ष)].

‘फक्त’ आला की बाजू उलटतात, ‘तरच’सारख्याच. सिंहस्थात ‘फक्त पासधारक वाहनांना प्रवेश’ अशी पाटी लागली, तर अर्थ: आत आलेलं प्रत्येक वाहन पासधारक आहे. पास असलेलं प्रत्येक वाहन आत जाईलच, असं पाटी म्हणत नाही. आणि ‘मेन रोडवरची सगळी दुकानं उघडी नाहीत’ हे वाक्य चिन्हांत उतरवण्याआधी बोलणाऱ्याला विचारावं लागतं. ‘एकही उघडं नाही’ असेल तर (क्ष)[द(क्ष) ⊃ ~उ(क्ष)]. ‘काही बंद आहेत’ असेल तर ~(क्ष)[द(क्ष) ⊃ उ(क्ष)]. विचारता येत नसेल तर दोन्ही लिहा.

सिद्धतेत चार नवे नियम येतात, दोन संख्यापक काढण्याचे आणि दोन परत लावण्याचे. त्यांत सर्वाधिक चुका अस्तित्ववाची संख्यापक काढताना होतात. ‘काही नाशिककर डॉक्टर आहेत’, ‘काही नाशिककर गायक आहेत’ या दोन्हींतल्या माणसाला एकच नाव दिलंत की ‘काही डॉक्टर गायक आहेत’ हे बनावट अनुमान लगेच तयार. प्रत्येक वेळी सिद्धतेत आधी न आलेलं नवं नाव घ्या. त्यातूनच कामाचा क्रम ठरतो: अस्तित्ववाची आधी सोडवा, सार्विक नंतर. सार्विकाला कुठलंही नाव चालतं, म्हणून ते मागाहून जुळवून घेतं. सार्विक परत लावण्यावरच्या अटी आवृत्त्यांमध्ये बदलत गेल्या आहेत. जुन्या प्रतीतली अट आणि नव्या प्रतीतलं उदाहरण एकत्र करू नका. ज्या आवृत्तीतून स्वाध्याय सोडवता तिच्याच अटी वहीत उतरवून घ्या.

अवैधता दाखवायला इथे पूर्ण जगाची गरज नसते. एकाच वस्तूचं जग कल्पून बघा, नाही जमलं तर दोन वस्तूंचं. दोन वस्तूंच्या जगात सार्विक म्हणजे दोन विधानांची संधी आणि अस्तित्ववाची म्हणजे दोघांचा विकल्प, मग जुनी आखूड रीत जशीच्या तशी चालते. वरचा डॉक्टर-गायकाचा युक्तिवाद असाच पाडता येतो: दोन नाशिककर घ्या, एक फक्त डॉक्टर, दुसरा फक्त गायक.

पाचवं प्रकरण संबंधांचं. तिथे संख्यापकांचा क्रम हाच कळीचा मुद्दा. ‘प्रत्येक बसला एक वाहक असतो’ हे (क्ष)(∃य) या क्रमानं लिहिलं तर ज्याच्या त्याच्या बसला आपापला वाहक. (∃य)(क्ष) लिहिलंत तर सगळ्या बसगाड्यांत तिकिटं फाडणारा एकच माणूस. दुसऱ्यावरून पहिलं निघतं, पहिल्यावरून दुसरं नाही. हे स्वतः सिद्ध करून पाहा, आणि उलट दिशेला नियम नेमका कोणत्या अटीपाशी अडवतो ते शोधा. सहाव्या प्रकरणापासून पुस्तक स्वयंसिद्धक प्रणालींकडे (मोजक्या मूळ विधानांवरून बाकीचं सगळं काढणाऱ्या) वळतं. गणित किंवा संगणकशास्त्राकडे जाणाऱ्यांनी पुढे जावं. बाकीच्यांनी चौथ्या आणि पाचव्या प्रकरणांतले सोडून दिलेले स्वाध्याय आधी संपवावेत, त्यांतलं एकेक वाक्य तासभर पुरतं.